माझ्या सिनेटरला सातारा जिल्ह्याएवढी जमीन विकायची होती

'माझ्या' म्हणतो ते सवयीने. ग्रीन कार्डवाल्याला इथे कर असतो, मत नसतं. पण राहतो युटात, त्यामुळे माइक ली हे आमचे सिनेटर. २०११ पासून सिनेटमध्ये आहेत आणि जानेवारी २०२५ पासून सिनेटच्या ऊर्जा व नैसर्गिक संसाधन समितीचे अध्यक्ष आहेत. केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनींबद्दल काही कायदा करायचा झाला की तो बहुतेक वेळा याच समितीतून जातो.

जून २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या करांच्या आणि खर्चाच्या त्या अगडबंब 'वन बिग ब्युटिफुल बिल'साठी समितीने आपल्या वाट्याचा मसुदा बाहेर काढला, तेव्हा त्यात लींचं एक कलम होतं. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट (पुढे नुसतं बीएलएम म्हणतो) आणि फॉरेस्ट सर्व्हिस या दोन खात्यांनी आपल्याकडच्या जमिनीपैकी किमान अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाऊण टक्का पाच वर्षांत विकायची. विकता येईल असं नव्हे, विकायचीच. अकरा पश्चिमी राज्यांत मिळून २२ ते ३३ लाख एकर. सातारा जिल्हा साधारण २६ लाख एकरांचा आहे, त्यावरून काय तो अंदाज करा.

आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर तेव्हा दोनच सूर लागले होते. एक, "एवढं वाळवंट पडलंय, विकली थोडी तर काय बिघडलं? घरं तरी होतील." दुसरा, "सगळं बिल्डरांच्या घशात घालायचंय." मला दोन्ही पटले नाहीत आणि ग्रुपवर लिहायचा कंटाळा केला, म्हणून आता इथे सविस्तर लिहितोय. सरकारी जमीन विकण्याला माझा सरसकट विरोध नाही. लग्नाच्या वाणसामानाच्या यादीत नारळ आणि सुपारीच्या मधे कुणी 'वाडा विकणे' लिहून टाकावं, तसं ती बजेटच्या कलमात घालून विकण्याला आहे.

आधी लींची बाजू, कारण ती पोकळ नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची जमीन सुमारे ६४ कोटी एकर आहे, म्हणजे देशाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त, आपली आठ महाराष्ट्रं बसतील एवढी. पण ती सारखी वाटलेली नाही. नेवाडात राज्याचा जवळपास ८० टक्के भाग वॉशिंग्टनच्या मालकीचा, युटात साधारण दोन-तृतीयांश, आणि तिकडे आयोवा किंवा कनेटिकटमध्ये एक टक्काही नाही. शहर वाढायला लागलं की कुंपण लगेच लागतं आणि त्या जमिनीवर काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) मालमत्ता कर मिळत नाही. त्याबदल्यात केंद्राकडून काही रक्कम येते, पण ती दरवर्षी मागावी लागते. सॉल्ट लेकच्या आसपास घरांच्या किमती पगारदार माणसाच्या हाताबाहेर गेल्या आहेत, हे मी भाड्याच्या घरात बसून लिहितोय. कनेटिकटच्या सिनेटरला हे दुखणं कळणार नाही, हा लींचा राग समजू शकतो.

ही जमीन सरकारकडे राहिली कशी, हेही बघायला हवं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकार १६० एकरांचे तुकडे जवळजवळ फुकट देत होतं. जिथे पाणी होतं तिथली जमीन गेली. जिथे १६० एकरांत एका कुटुंबाचं पोट भरणं शक्य नव्हतं, ती कुणी घेतलीच नाही. म्हणजे आज जिच्यासाठी मारामारी चालली आहे, ती एकेकाळी फुकट देऊनही नको असलेली जमीन आहे. (ज्या मूळ रहिवाशांकडून ती आधी घेतली त्यांना अर्थात कुणी विचारलं नव्हतं. लींच्या मसुद्यातही विक्रीच्या वेळी आदिवासी राष्ट्रांना पहिला हक्क दिलेला नव्हता, अशी टीका झालीच.) युटा १८९६ मध्ये राज्य झालं तेव्हा या जमिनीवर आपला हक्क नाही, असं त्याने लिहून दिलं होतं. तरी २०२४ मध्ये राज्य सरकार १ कोटी ८५ लाख एकरांसाठी थेट सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला. पाच महिन्यांनी लींचं कलम आलं.

आई आली होती तेव्हा तिला सॅन राफेल स्वेल दाखवायला नेलं होतं. आय-७० सोडून कच्च्या रस्त्याने बकहॉर्न वॉशमध्ये उतरायचं. लाल कड्यावर दोन हजार वर्षांहून जुनी समजली जाणारी माणसांची चित्रं, लांब झगे घातल्यासारखी. थोडं पुढे गाई चरत होत्या. आई गाडीतून उतरली आणि पदर सावरत पहिला प्रश्न, "तिकीट कुठे काढायचं रे?" तिकीट नाही म्हटल्यावर, "मग मालक कोण?" म्हटलं, सरकार. "इथलं?" नाही, वॉशिंग्टनचं. तिने लांबवर नजर टाकली, एकही घर नाही. मग म्हणाली, "आणि अजून कुणी प्लॉट पाडले नाहीत?"

वाईकडची बाई आहे. पाचगणीच्या उतारावर बंगले चढताना तिने पाहिलेत, त्यामुळे तिचा प्रश्न रास्तच होता. तंबू ठोकून रात्र काढायला बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत, व्हिसा कुठला हे कुणी विचारत नाही. त्या गाईंचा मालक २०२५ च्या दराने गाय-वासराच्या जोडीमागे महिन्याला १ डॉलर ३५ सेंट भरतो. एवढ्यात इथे चहा मिळत नाही. सरकारी मालकी म्हणजे सगळं सोवळ्यात ठेवलेलं असं नाही. गुरं चरतात, तेलाच्या विहिरी खोदल्या जातात, जीपवाले धुरळा उडवतात, शिकारी हरणामागे फिरतात. कुणी कुठे काय करायचं यावर भांडण कायम चालू असतं.

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या भांडणातच आहे. स्वेलचं काय करायचं यावर एमरी काउंटीत वर्षानुवर्षं वाद झाला. गुरंवाले, जीपवाले, पर्यावरणवाले, काउंटीचे आयुक्त, सगळे एकाच नकाशावर भांडले: ही दरी आत की बाहेर, हा रस्ता चालू की बंद. शेवटी सिनेटमध्ये ऑरिन हॅच आणि हाउसमध्ये, म्हणजे प्रतिनिधीगृहात, जॉन कर्टिस यांनी विधेयक आणलं आणि ते सार्वजनिक जमिनींबद्दलच्या २०१९ च्या डिंगेल कायद्यात गेलं. काउंटीतली सुमारे ६ लाख ६३ हजार एकर जमीन कायमची राखीव वनक्षेत्रासारखी ठरली, उरलेल्या बऱ्याच भागात गाड्यांना मोकळीक मिळाली. कुणीच पूर्ण खूश नव्हतं. सिनेटमध्ये मतदान झालं ९२ विरुद्ध ८. त्या आठांत माइक ली होते. कर्टिस आज युटाचे दुसरे सिनेटर आहेत.

विकायचीही रीत आहे. १९७६ च्या कायद्याने सरकारने ठरवलं की जमीन सहसा आपल्याकडेच ठेवायची, पण देशहिताचं असेल तिथे नियोजन करून, तुकडा ठरवून विकताही येते. लास वेगासचं उदाहरण घ्या. ते शहर चारी बाजूंनी बीएलएमच्या जमिनीने वेढलेलं. १९९८ मध्ये खास त्याच्यासाठी कायदा झाला. नकाशावर एक रेघ ओढली, तिच्या आतली जमीन लिलावाने विकायची. आलेल्या पैशातले ५ टक्के राज्याच्या शिक्षणाला, १० टक्के पाण्याच्या संस्थेला आणि बाकीचे ८५ टक्के नेवाडातल्याच जमिनींवर, उद्यानांवर आणि संवेदनशील जागा विकत घेण्यावर. त्या विकलेल्या जमिनीवर आज वस्त्या उभ्या आहेत. त्यावरही टीका होते, पण काय विकलं, कुठे विकलं, पैसा कुठे गेला, हे कुणालाही सांगता येतं.

लींच्या कलमात नकाशा नव्हता. टक्केवारी होती. राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव प्रदेश वगळलेले होते, हे खरं. पण बाकी कुठली जमीन विकायची हे नंतर ठरणार. कुणीही इच्छुकाने तुकडा सुचवायचा, खात्याने राज्याशी आणि स्थानिकांशी बोलायचं, याद्या काढायच्या आणि विकायच्या. 'घरं आणि त्याला जोडून येणाऱ्या गरजा' हा उद्देश, पण स्वस्त घरांची अट कुठेच नाही. पैशाचा बहुतांश भाग सरळ केंद्राच्या तिजोरीत. द वाइल्डरनेस सोसायटी या पर्यावरणवादी संस्थेने या कलमाखाली विक्रीस पात्र ठरेल अशा जमिनीचा नकाशा काढला, तो २५ कोटी एकरांच्या वर गेला. लींचे समर्थक म्हणाले, ही दिशाभूल आहे, विकायची तर ३३ लाखच. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. कोणते ३३ लाख हे न सांगता कायदा करायला निघालात तर लोक उरलेले सगळे मोजणारच.

आता यात बजेट आलं कुठून? सिनेटमध्ये साधं विधेयक पुढे न्यायला शंभरातली ६० मतं लागतात, नाहीतर विरोधक चर्चा संपूच देत नाहीत. रिपब्लिकनांकडे होती ५३. पण १९७४ च्या बजेट कायद्यात रिकन्सिलिएशन नावाची एक जलद वाट आहे. जमाखर्चाचं विधेयक साध्या बहुमताने करता येतं, चर्चेला २० तासांची मर्यादा. अशी वाट दिसली की प्रत्येकाला आपलं गाठोडं त्या गाडीत टाकावंसं वाटतं. ते थांबवायला वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी १९८५ मध्ये एक नियम करून घेतला. एखाद्या कलमाचा मूळ उद्देश धोरण बदलण्याचा असेल आणि जमाखर्चावरचा परिणाम निव्वळ आनुषंगिक असेल, तर ते या गाडीत बसणार नाही. कोण बसतं, कोण उतरतं, यावर सल्ला देते सिनेटची पार्लमेंटेरियन. ही निवडून आलेली व्यक्ती नाही, नियमांची जाणकार अधिकारी. २०१२ पासून हे काम एलिझाबेथ मॅकडोनो करतात.

या नियमाने लींना बरोबर कात्रीत पकडलं, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वात रस त्यात आहे. समितीचा अंदाज होता की या विक्रीतून दहा वर्षांत ५०० ते १,००० कोटी डॉलर येतील. ज्या विधेयकात हे कलम होतं, त्याच्या सिनेटने मंजूर केलेल्या रूपामुळे तूट दहा वर्षांत सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरनी वाढेल, असा काँग्रेसच्याच बजेट ऑफिसचा हिशेब आहे. वरचा आकडा धरला तरी ही जमीन तुटीचा तीनशेचाळिसावा भाग भरून काढणार. म्हणजे 'तूट कमी करायला विकतोय' म्हणावं तर हिशेबाला हसू येतं. आणि 'घरांसाठी विकतोय' म्हणावं तर ते धोरण झालं, मग बर्ड नियम आडवा येतो. घरांचा प्रश्न खरा आहे तर त्यासाठी स्वतंत्र विधेयक आणा, नकाशा ठेवा, ६० मतं मिळवा. डिंगेल कायद्याला ९२ मिळाली होती.

२३ जूनला मॅकडोनो यांनी सांगितलं, हे कलम ६० मतांशिवाय बसत नाही. लींनी ते छाटलं. फॉरेस्ट सर्व्हिसची जमीन काढली, बीएलएमची फक्त वस्तीपासून पाच मैलांच्या आतली ठेवली, टक्केवारीही कमी केली. २८ जूनच्या रात्री तेही मागे घेतलं. ही जमीन फक्त अमेरिकन कुटुंबांनाच विकली जाईल, चीनला किंवा ब्लॅकरॉकसारख्या बड्या गुंतवणूक कंपनीला नाही, अशी पक्की तजवीज बजेटच्या नियमांत बसवता येत नाही, असं कारण दिलं. हेच तर आधीपासून लोक सांगत होते, की बजेटच्या कलमात अटी-शर्ती नीट घालता येत नाहीत!

इथे आपल्याकडची आठवण येणं स्वाभाविक आहे. आपल्या घटनेच्या ११० व्या कलमात धन विधेयक म्हणजे मनी बिल आहे, त्यात राज्यसभा फक्त शिफारस करू शकते. ते मनी बिल आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. २०१६ मध्ये आधार कायदा याच वाटेने आणला. २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी एकट्याने वेगळं मत लिहून त्याला घटनेची फसवणूक म्हटलं, पण बहुमत दुसरीकडे होतं. चर्चेचं म्हणाल तर २३ मार्च २०२३ ला लोकसभेने अख्ख्या बजेटच्या खर्चाच्या मागण्या गोंधळात, चर्चेविना मंजूर केल्या. आणि जमीन? आपल्याकडे गायरानं एका कलमाने जात नाहीत. एखादा आदेश, एखादं अतिक्रमण, मग ते नियमित करणं, अशी तुकड्यातुकड्याने गेली. २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने राज्यांना गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं, तोवर किती गावांत गुरं चारायला रस्त्याची कडच उरली होती. तेव्हा 'अमेरिकेत बघा कसं चालतं' छाप निबंध मला लिहायचा नाही. तिथे निदान असा एक माणूस नेमलेला आहे ज्याला 'हे बजेट आहे का?' असं विचारायचा पगार मिळतो, एवढंच.

त्या माणसाचंही फार कौतुक नको. पार्लमेंटेरियनचा सल्ला बंधनकारक नाही. २००१ मध्ये रिकन्सिलिएशनचे निर्णय पसंत पडले नाहीत म्हणून रिपब्लिकन नेतृत्वाने तेव्हाचे पार्लमेंटेरियन रॉबर्ट डोव्ह यांना चक्क काढून टाकलं होतं. २०२१ मध्ये डेमोक्रॅट्सना किमान वेतन १५ डॉलर करायचं होतं, ते याच मॅकडोनो यांनी बजेटमधून बाहेर काढलं, तेव्हा डेमोक्रॅट्सच्याच काही लोकांना त्या नकोशा झाल्या. जून २०२५ मध्ये रिपब्लिकनांतले काही त्यांच्या हकालपट्टीची मागणी करत होते. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या म्हणजे काम बरं चाललं असावं. पण मे २०२५ मध्येच कॅलिफोर्नियाच्या वाहन-प्रदूषण नियमांच्या प्रकरणात सिनेटने त्यांच्या सल्ल्याला वळसा घातला होता. मनात आणलं असतं तर जमिनीच्या बाबतीतही घातला असता. का नाही घातला?

कारण मतं नव्हती. ५१ सुद्धा. मोंटाना राज्याला कलमातून मुद्दाम वगळलं होतं, आणि तरीही स्टीव्ह डेन्स आणि टिम शीही हे मोंटानाचे दोन्ही रिपब्लिकन सिनेटर विरोधात. एप्रिलमध्ये बजेट ठरावाच्या वेळी, तूट भरायला सार्वजनिक जमीन विकू नये अशी दुरुस्ती डेमोक्रॅट्सनी आणली होती. ती थोडक्यात पडली, तेव्हाही या दोघांनी तिच्या बाजूने मत दिलं होतं. मग आयडाहोचे क्रेपो आणि रिश, दोघेही पक्के रिपब्लिकन, जाहीरपणे नको म्हणाले. हाउसमध्ये रायन झिंकी, जे ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत याच जमिनींचे मंत्री होते, त्यांनी चार सहकाऱ्यांना घेऊन सांगितलं, हे कलम असेल तर विधेयकाला मत नाही. सिनेटमध्ये ते विधेयक शेवटी ५१-५० ने, उपाध्यक्षांच्या मताने निघालं. एवढ्या काठावर पाच-सात माणसं फार झाली.

आणि या माणसांना हलवलं कुणी? समितीतले विरोधी पक्षाचे प्रमुख, न्यू मेक्सिकोचे मार्टिन हाइनरिक, तळमळीने लढले, ते स्वतः शिकारी आहेत. पण मोंटाना-आयडाहोच्या रिपब्लिकन सिनेटरचं मन डेमोक्रॅटच्या भाषणाने बदलत नसतं. ते बदललं ट्रम्पना मत देणाऱ्या शिकाऱ्यांनी आणि मासे पकडणाऱ्यांनी. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा त्यातलाच. ट्रकवर झेंडा, फ्रीजरमध्ये वर्षभराचं एल्कचं मांस. एरवी राजकारणावर अवाक्षर काढत नाही. त्या जूनमध्ये जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये उभा राहून लींच्या कार्यालयाला फोन लावत होता. लागेना, पुन्हा लावत होता. मला म्हणाला, खासगी रँच घेऊन शिकार करायची तर डॉक्टर व्हायला हवं होतं. २०१७ मध्ये युटाचेच काँग्रेसमन जेसन चॅफेट्झ ३३ लाख एकर विकायचं विधेयक घेऊन आले होते, तेव्हाही याच लोकांनी त्यांना काही दिवसांत माघार घ्यायला लावली होती. शिकारीच्या कपड्यांत, कुत्र्याबरोबरचा फोटो टाकून त्यांनी ती जाहीर केली.

म्हणून 'चर्चेचा विजय' वगैरे म्हणायला जीभ रेटत नाही. सिनेटच्या सभागृहात या जमिनीवर धड चर्चा झालीच नाही. चर्चा पार्किंगमध्ये झाली. नियमाने काय केलं, तर फोन लागेपर्यंत वेळ काढून दिला.

आणि जे वाचलं ते 'विक्री' या शब्दापुरतं वाचलं. २०२५ च्या शरदात सिनेटने सरकारी खात्यांचे नियम काँग्रेसला रद्द करू देणाऱ्या काँग्रेशनल रिव्ह्यू अ‍ॅक्टचा वापर करून बीएलएमचे मोंटानातल्या माइल्स सिटीचे, नॉर्थ डकोटाचे आणि अलास्कातल्या सेंट्रल युकॉनचे जमीन-वापर आराखडे रद्द करणारे ठराव मंजूर केले. कुठे खाणकाम करायचं, कुठे नाही, हे त्या आराखड्यांत ठरलेलं. तयार करायला वर्षं गेलेली, गावोगाव सुनावण्या झालेल्या. हा कायदा १९९६ चा, पण जमिनीच्या आराखड्यांवर तो याआधी कधी चालवला नव्हता. तिथेही साधं बहुमत पुरतं, चर्चेला फार तर १० तास, आणि एकदा रद्द झालं की खात्याला जवळपास तसाच आराखडा पुन्हा करता येत नाही. तिथे बर्ड नियम नाही. डेन्स आणि शीही या वेळी बाजूने होते. जमीन विकायची नव्हती, त्यामुळे माझ्या शेजाऱ्याने फोन लावला नाही. मी विचारलं तर त्याला हे माहीतही नव्हतं.